२८ मिलिमीटरचा मराठा बारगीर कसा घडवावा

काचेच्या कपाटात ठेवायची मूर्ती आणि युद्धखेळाच्या टेबलावर उतरवायचे मिनिएचर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कपाटातली मूर्ती जवळून आणि बहुधा एकाच बाजूने पाहिली जाते. खेळातला स्वार एका संध्याकाळी कितीतरी वेळा उचलला जातो, सरकवला जातो, शेवटी डब्यात भरला जातो आणि बहुतेक वेळ तो हातभर अंतरावरून, थोडा वरच्या बाजूने दिसतो. त्यामुळे त्यात केलेला प्रत्येक बदल बोटांच्या दाबाला टिकला पाहिजे आणि हातभर अंतरावरून ओळखूही आला पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या २८ मिलिमीटरच्या प्लास्टिक घोडेस्वारांपासून सतराव्या शतकातील मराठा बारगीर कसा तयार करावा, हे या लेखात पहिल्या मापापासून शेवटच्या वार्निशपर्यंत सांगितले आहे. तयार मिनिएचरमध्ये असे फेरबदल करण्याला या छंदात ‘कन्व्हर्जन’ म्हणतात, आणि येथील तंत्रे कोणत्याही काळातल्या किंवा पूर्णपणे काल्पनिक सैनिकालाही तशीच लागू पडतात.

बारगीरच का निवडला, तेही सांगतो. मराठा घोडदळात दोन तऱ्हेचे स्वार असत. बारगिराला घोडा आणि हत्यारे सरकारी पागेतून मिळत, तर शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई. म्हणून शिलेदारांची तुकडी करताना प्रत्येक स्वार वेगळा दिसावा लागतो, तर बारगिरांच्या तुकडीत ढाली आणि भाले एकसारखे असले तरी खटकत नाहीत. एकच मुंडासे किंवा एकच ढाल सलग सहा वेळा केली की हात जसा बसतो, तसा सहा निरनिराळ्या गोष्टी एकेकदा करून बसत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पाच-सहा बारगिरांपासूनच आरंभ करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

माप आणि संचाची निवड

२८ मिलिमीटर हे माप साधारणपणे तळपायापासून डोळ्यांपर्यंत धरतात आणि ते १:५६ या प्रमाणाच्या जवळ जाते. या प्रमाणात १ मीटर म्हणजे सुमारे १८ मिलिमीटर. एवढा एक आकडा लक्षात ठेवला की बाकीचे हिशेब तोंडी करता येतात: ३ मीटरचा भाला सुमारे ५४ मिलिमीटर आणि अर्ध्या मीटर व्यासाची ढाल सुमारे ९ मिलिमीटर. मात्र या मापातील बहुतेक सैनिकांची डोकी, हात आणि हत्यारे प्रमाणापेक्षा मुद्दाम थोडी जाड घडवलेली असतात, कारण नाहीतर ती दुरून दिसत नाहीत आणि लगेच तुटतात. भाल्याचा ३ सेंटिमीटर जाडीचा दांडा हिशेबाने अर्धा मिलिमीटर येईल, पण प्रत्यक्षात ०.८ मिलिमीटर जाडीची तार घेतली तर ती नजरेला बरोबर वाटते आणि टिकतेही.

संच निवडताना बहुतेकांचे लक्ष स्वाराच्या कपड्यांवर जाते, परंतु खरी अडचण घोड्याची असते. भीमेच्या खोऱ्यात वाढलेले आणि मराठा घोडदळात वापरले गेलेले भीमथडी तट्टू ठेंगणे असते. त्याची खांद्यापर्यंतची उंची १३० सेंटिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे टेबलावर ती सुमारे २३ मिलिमीटर असायला हवी. युरोपीय चिलखती स्वारांच्या संचांतील घोडे याहून बरेच उंच आणि भरदार असतात, आणि त्यांच्यावर कितीही सुरेख मुंडासे बांधलेला स्वार बसवला तरी हातभर अंतरावरून तो युरोपीय सरदारासारखाच दिसतो. घोड्याचे पाय कापून आखूड करण्याच्या फंदात पडू नये. गुडघे आणि खूर यांचे नाते बिघडले की ते पुन्हा जुळत नाही. त्याऐवजी हूण, मंगोल किंवा अशाच गवताळ प्रदेशातील हलक्या घोडदळाचा संच घ्यावा. त्यांचे घोडे लहान असतात आणि स्वारांचे अंगरखे गुडघ्यापर्यंत घोळदार असतात, त्यामुळे निम्मे काम आधीच झालेले असते. संच सुट्या भागांचा आणि कडक पॉलिस्टायरिन प्लास्टिकचा असावा. १:७२ मापाचे मऊ, वाकणारे सैनिक स्वस्त पडतात, पण त्या प्लास्टिकला प्लास्टिकचा गोंद लागत नाही आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो.

हत्यारे

फार काही लागत नाही. संचातले सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यापासून ते वेगळे करायला सपाट धारेचे छोटे कटर, टोकदार पात्याची सुरी, ४०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर, बारीक कानस, हाताने फिरवायचा छोटा ड्रिल आणि त्याची ०.८ व १ मिलिमीटरची पाती, पितळी तार, प्लास्टिकचा पातळ गोंद, फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद, आणि दोन भागांची हिरवी पुट्टी, म्हणजेच ‘ग्रीन स्टफ’. सुरीचे पाते मात्र वरचेवर बदलावे. बोथट पात्याला जोर द्यावा लागतो, जोर दिला की ते घसरते आणि समोर नेहमी आपलाच अंगठा असतो.

दोन गोंदांमधला फरक नीट समजून घ्यावा. प्लास्टिकचा गोंद दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवतो आणि ते वाळताना एकजीव होतात. हा जोड प्रत्यक्ष प्लास्टिकाइतका मजबूत असतो, पण तो पॉलिस्टायरिनवरच चालतो. धातू, रेझिन किंवा वाळलेली पुट्टी जोडायची असेल तर झटपट गोंद वापरावा लागतो. तो ओढीला चांगला टिकतो, पण आडव्या धक्क्याला ठिसूळ असतो. आणखी एक सावधगिरी: सांडलेला झटपट गोंद कापसाने किंवा सुती कापडाने पुसू नये, कारण कापसाशी त्याची क्रिया होऊन चटका बसण्याइतकी उष्णता निर्माण होते.

कापणे, साफ करणे, बसवून पाहणे

भाग सोडवताना कटर थेट भागाला लावू नये. आधी थोडे अंतर ठेवून कापावे आणि उरलेला कोंब सुरीने दोन-तीन पातळ कापांत काढावा. त्यानंतर साच्याची रेघ शोधावी. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे प्रत्येक भागावर एक बारीक उंचवटा राहतो. घोड्याच्या पाठीच्या कण्यावरून, पोटाखालून आणि पायांच्या मागच्या कडेने तो हमखास सापडतो. पाते आडवे धरून खरवडल्यासारखे ओढले की तो निघतो. हे काम कंटाळवाणे आहे हे खरे, पण ते टाळले तर रंगाचा हात फिरवताच ती रेघ उठून दिसते आणि तेव्हा उपाय उरत नाही. साफ झालेले भाग कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने धुवावेत, म्हणजे साच्याचा तेलकटपणा जातो.

गोंद लावण्यापूर्वी सर्व भाग ब्लू-टॅकने, म्हणजे पुन्हा सहज निघणाऱ्या चिकट गोळ्याने, तात्पुरते चिकटवून स्वार घोड्यावर बसवून पाहावा, आणि मुद्रा येथेच ठरवावी. भाला रोखून दौडणारा स्वार रिकिबीत पाय रोवून पुढे झुकतो; त्याचे डोके, पुढे गेलेला हात आणि घोड्याची मान यांची दिशा साधारण एक असते. संचातले स्वार बहुधा ताठ बसलेले असतात. त्यांना झुकवण्यासाठी कंबरेच्या खाली पुढच्या बाजूने १ मिलिमीटरची पाचर कापून काढावी आणि धड पुढे दाबून चिकटवावे. मागे फट राहिली तर ती पुढे शेल्याच्या घड्यांखाली झाकली जाते. घोड्याची मान वळवायची असल्यास हीच युक्ती आडवी वापरावी: ज्या बाजूला वळवायची त्या बाजूने पाचर काढायची. एकाच साच्यातले सहा घोडे शेजारी ठेवल्यावर ते जुळे वाटतात. त्यातल्या तिघांच्या माना किंचित वेगवेगळ्या फिरवल्या की तुकडी जिवंत वाटू लागते.

स्वार आणि घोडा मात्र रंगवेपर्यंत वेगळेच ठेवावेत. स्वाराच्या बैठकीत खालून १ मिलिमीटरचे भोक पाडून त्यात तार बसवावी आणि खोगिरात जुळणारे भोक करावे. हीच तार रंगवताना स्वाराला धरायची मूठ होते आणि शेवटी तोच जोडाचा कणा होतो.

भाला

संचातला प्लास्टिकचा भाला पहिल्या दोन-तीन खेळांतच तुटतो, म्हणून तो सुरुवातीलाच कापून टाकावा. मुठीच्या मधोमध, आधी सुईच्या टोकाने खूण करून, ०.८ मिलिमीटरचे भोक पाडावे. ड्रिल सावकाश फिरवावा आणि दर दोन फेऱ्यांनंतर भोक सरळ जात आहे का हे दोन्ही बाजूंनी पाहावे. मूठ जेमतेम २ मिलिमीटरची असते आणि ड्रिल तिरपा गेला तर बोटे फाटतात. ५४ मिलिमीटर लांबीची पितळी तार कापून तिचे एक टोक गुळगुळीत सपाट वस्तूवर हातोडीने हलकेच चेपावे आणि कानशीने पानासारखा आकार द्यावा. हे पाते प्लास्टिकच्या पात्यापेक्षा बारीक दिसते, वाकले तर सरळ करता येते आणि मोडत नाही. तार मुठीतून सरकवून झटपट गोंदाचा एकच थेंब सुईने लावावा. टोक बोथट ठेवायला विसरू नये, कारण घरातली लहान मुले हे घोडे उचलणारच.

मुंडासे आणि अंगरखा

या साऱ्या कामात सर्वाधिक वेळ येथे द्यावा. हातभर अंतरावरून पाहणाऱ्याची नजर आधी डोक्यावर आणि मग घोड्याच्या खांद्यावर पडते. संचातले टोप किंवा फरच्या टोप्या कापून डोके कानांच्या वरपर्यंत सपाट करावे आणि ८०० नंबरच्या पेपरने किंचित खरखरीत करावे, म्हणजे पुट्टी धरून राहते.

हिरवी पुट्टी निळ्या आणि पिवळ्या पट्टीच्या रूपात मिळते. दोन्ही पट्ट्या एकमेकींना चिकटून आल्या असतील, तर जिथे त्या मिळतात तिथला २ मिलिमीटरचा भाग आधीच कडक झालेला असतो. तो कापून फेकून द्यावा, नाहीतर मळलेल्या गोळ्यात बारीक कण राहतात आणि ते गुळगुळीत घडी करताना नेमके मधे येतात. समप्रमाणात घेऊन रंग एकसारखा हिरवा होईपर्यंत मळावे. पिवळा भाग थोडा जास्त घेतला तर पुट्टी मऊ आणि चिकट राहते, निळा जास्त घेतला तर ती वाळल्यावर अधिक कडक होते आणि धारदार कडा धरते. कपड्यांसाठी समप्रमाण आणि खोगिराच्या पट्ट्यांसाठी निळा किंचित जास्त, असा माझा अनुभव आहे.

मळून झाल्यावर लगेच काम सुरू केले तर पुट्टी हत्याराला चिकटून येते. म्हणून ती आधी जागेवर बसवावी आणि सुमारे अर्धा तास थांबावे. त्यानंतरचा साधारण तासभर घड्या पाडायला सर्वांत चांगला असतो. दीड तासानंतर ती ताठ होऊ लागते आणि पूर्ण कडक व्हायला एक दिवस लागतो. हत्यार आणि बोटे सतत पाण्याने ओली ठेवावीत.

मुंडाशासाठी आधी डोक्यावर मसुराच्या डाळीएवढा गोळा दाबून बसवावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. दुसऱ्या दिवशी नव्या पुट्टीची केसासारखी बारीक वळी करून ती या पक्क्या गोळ्याभोवती तिरपी गुंडाळावी, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा चढवावा आणि बोथट सुईने वेढ्यांमधली रेघ खोल करावी. नवशिके हे दोन्ही थर एकाच बैठकीत उरकायला जातात आणि वरचा वेढा दाबताना खालचा गोळा पसरतो. मी स्वतः पहिली चार मुंडाशी अशीच वाया घालवली. वेढे सगळीकडे सारखे नसावेत. मुंडासे एका बाजूला किंचित जड आणि कपाळावर थोडे उतरलेले असले की ते बांधलेले वाटते.

अंगरख्याच्या घड्या मनाने पाडू नयेत. कापड जिथे ताणले जाते तिथून घड्या निघतात आणि जिथे ते मोकळे होते तिथे पसरतात. घोड्यावर बसलेल्या माणसाच्या अंगरख्यात ताण कंबरेच्या गाठीपाशी आणि मांडीच्या वर असतो. म्हणून कंबरेच्या शेल्यापासून गुडघ्याकडे जाणाऱ्या तीन-चार लांब घड्या पुरतात, आणि घोडा दौडत असेल तर अंगरख्याचा घेर मागे उडालेला दाखवावा. घेर लांबवण्यासाठी पुट्टी तेलाचा पुसट हात लावलेल्या प्लास्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये लाटून पातळ करावी, तासभर थांबून ओल्या पात्याने कापावी आणि मग चिकटवावी. कंबरेला तलवारीचे म्यान आणि वर शेल्याची गाठ आली की कंबरेजवळचा पाचर कापलेला जोड दिसेनासा होतो.

मोठ्या पोकळ्या भरायला एम-सील स्वस्त आणि सहज मिळणारे आहे. ते लवकर कडक होते आणि त्यात बारीक काम होत नाही, पण घोड्याच्या पोटातील फट किंवा तळावरचे खडक यासाठी महाग पुट्टी खर्च करण्याचे कारण नाही.

ढाल

०.५ मिलिमीटर जाडीच्या पॉलिस्टायरिन पत्र्यातून ९ मिलिमीटरची चकती कापावी, गरम पाण्यात काही सेकंद धरावी आणि जाड खोडरबरावर ठेवून गोल टोकाच्या दांड्याने मधोमध दाबावी, म्हणजे तिला फुगीर आकार येतो. ढालीवर धातूचे चार छोटे गोल असतात. आतल्या मुठीच्या कड्या त्यांनीच पक्क्या केलेल्या असतात. हे चार गोल घट्ट फेव्हिकॉलचे थेंब सुईच्या टोकाने ठेवून करता येतात. फेव्हिकॉल वाळताना आक्रसतो, म्हणून पहिला थेंब वाळल्यावर त्यावरच दुसरा ठेवावा. काळी ढाल आणि तिच्यावरचे पितळी चार ठिपके दुरूनही लगेच ओळखू येतात.

प्रायमर आणि हवामान

रंग प्लास्टिकवर धरण्यासाठी आधी प्रायमर लागतो. डब्यातला स्प्रे प्रायमर सुमारे २५ सेंटिमीटरवरून, हात सतत हलता ठेवून, दोन-तीन विरळ थरांत मारावा. जागा मोकळ्या हवेची असावी आणि तोंडाला मुखपट्टी असावी. कोकणात बाराही महिने आणि देशावर पावसाळ्यात हवेतली ओल ही खरी अडचण आहे. जुलै महिन्यात गच्चीवर प्रायमर मारून माझी सहा घोड्यांची तुकडी पांढुरक्या, खरखरीत थराने झाकली गेली आणि ती सारी साफ करून पुन्हा करावी लागली. ज्या दिवशी धुतलेले कपडे दुपारपर्यंत वाळत नाहीत त्या दिवशी स्प्रेला हात लावू नये. कुंचल्याने लावायचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर थोडा वेळखाऊ असतो, पण त्यात ही भीती राहत नाही.

रंग

चित्रकलेच्या ट्यूबमधले अ‍ॅक्रिलिक दाट असतात आणि बारीक घड्या बुजवतात. मिनिएचरसाठी बनवलेले रंग घ्यावेत आणि तेही पाण्याने दुधाइतके पातळ करावेत. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा नेहमीच चांगले.

मराठा स्वाराच्या अंगावर पांढरे सुती कापड भरपूर आणि पांढरा रंग सर्वांत अवघड. शुद्ध पांढऱ्याने सुरुवात केली तर उजेड दाखवायला वर काहीच उरत नाही. म्हणून आधी फिका मातकट करडा रंग द्यावा, त्यावर तपकिरी वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, घड्यांच्या खाचांत उतरू द्यावा, वाळल्यावर उंच भागांवर हस्तिदंती रंग आणि अगदी शेवटी फक्त मुंडाशाच्या वेढ्यांवर व गुडघ्यावर शुद्ध पांढरा लावावा. तुकडीत एकाचे मुंडासे लाल, दुसऱ्याचे मळकट केशरी ठेवावे.

अनेक संचांबरोबर सुचवलेला त्वचेचा रंग गुलाबी असतो आणि तो येथे उपयोगाचा नाही. तांबूस गडद तपकिरी रंगाने सुरुवात करून गाल, नाक, पोटऱ्या आणि बोटांवर त्यात थोडा पिवळसर तपकिरी मिसळत जावे. घोड्यांसाठी लालसर तपकिरी अंग आणि काळे आयाळ, शेपूट व गुडघ्याखालचे पाय हा मेळ सर्वांत विश्वासार्ह आहे.

तळ आणि वार्निश

घोडेस्वारासाठी २५ × ५० मिलिमीटरचा तळ रूढ आहे. दिवाळीत किल्ला करताना माती चाळून घ्यायची सवय आपल्यापैकी अनेकांना असते, ती येथे कामी येते: चाळलेली माती तव्यावर चांगली कोरडी करून घ्यावी आणि पाण्यात पातळ केलेल्या फेव्हिकॉलवर पसरावी. सह्याद्रीचा कातळ थरांचा असतो. बुचाचा तुकडा हाताने तोडून आडवा चिकटवला आणि गडद करडा रंगवून वर फिका करडा ड्रायब्रश केला, म्हणजे जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फक्त उंचवट्यांवर फिरवला, की तो हुबेहूब तसा दिसतो. गवत हिरवेगार नसावे. मोहिमा दसऱ्यानंतर निघत, तेव्हा माळावरचे गवत पिवळे पडू लागलेले असते.

शेवटी वार्निशचे दोन थर द्यावेत, पहिला चकचकीत आणि दुसरा मॅट. चकचकीत थर कठीण असतो आणि बोटांच्या घर्षणापासून रंग वाचवतो, मॅट थर त्याची चमक घालवतो. तळाखाली ५ × १ मिलिमीटरची दोन निओडिमियम चुंबके बसवून पत्र्याच्या डब्यात स्वार उभे ठेवले तर प्रवासात भाले एकमेकांत अडकत नाहीत. चुंबके चिकटवण्यापूर्वी सर्वांची वरची बाजू एकाच ध्रुवाची आहे ना, हे मार्करने खूण करून पाहावे.

सहा बारगीर झाले की पंचवीसचा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा. शिवकालीन पागेत २५ बारगिरांवर एक हवालदार असे, आणि दर २५ घोड्यांमागे एक पखालजी (कातडी पखालीतून पाणी वाहणारा) व एक नालबंद (घोड्यांना नाल ठोकणारा) नेमलेला असे. पंचविसावा स्वार पुरा होईपर्यंत पुट्टीवर हात बसलेला असेल. त्यानंतर संचातल्या उरलेल्या धडापासून पाठीवर फुगलेली पखाल घेतलेला पखालजी आणि गुडघे टेकून घोड्याचा खूर मांडीवर धरलेला नालबंद करायला घ्यावेत.